तुलना कुणाची, कुणाशी? वाचकांच्या इंग्रजी वाक्यांची दुरुस्ती

या वेळचे बरेच प्रश्न दोनच जागी अडकले आहेत: 'दॅन'च्या पुढे काय लिहायचं आणि 'अँड'च्या दोन्ही बाजूंना काय ठेवायचं. म्हणून ते एकत्र घेतले. इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. ती मोठ्यानं वाचा. बऱ्याच चुका डोळ्याआधी कानाला खटकतात.

प्रश्न: सराव पेपरमध्ये 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे' या वाक्यात चूक शोधायची होती. मी 'नो एरर'वर खूण केली आणि गुण गेला. मराठीत 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे' असंच म्हणतो ना आपण? मग इंग्रजीत काय बिघडलं? (एक परीक्षार्थी, बार्शी)

उत्तर: मराठी वाक्य बरोबर आहे, शंका नको. 'पुण्यापेक्षा' म्हटलं की 'पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा' हे ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. 'माझा पगार तुझ्यापेक्षा जास्त' यात तर 'तुझ्या' हे रूप दुहेरी आहे. 'तू'ला 'पेक्षा' लावलं तरी 'तुझ्या' होतं आणि 'तुझा'चं सामान्यरूपही 'तुझ्या'च. त्यामुळे इथे काही गळलंय असं मराठी कानाला वाटतच नाही.

इंग्रजीत ही सवलत नाही. 'दॅन'च्या अलीकडे जी गोष्ट, तिच्याच जातीची पलीकडे लागते. तुमच्या वाक्यात अलीकडे लोकसंख्या आहे आणि पलीकडे अख्खं शहर. आकड्याची तुलना गावाशी झाली.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. पहिली: 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन दॅट ऑफ पुणे.' इथे 'दॅट' हा 'पॉप्युलेशन'च्या जागी बसलेला बदली शब्द. अलीकडचं नाम अनेकवचनी असेल तर 'दॅट' नाही, 'दोज': 'द रोड्स ऑफ नागपूर आर वाइडर दॅन दोज ऑफ पुणे.' दुसरी: 'मुंबईज पॉप्युलेशन इज लार्जर दॅन पुणेज.' म्हणजे मालकीचा 'एस' लावला की पुढचं नाम गाळलं तरी चालतं. पगाराचं वाक्यही तसंच: 'माय सॅलरी इज हायर दॅन युअर्स.' 'दॅन यू' लिहिलंत तर पगार माणसापेक्षा उंच होईल.

दोन ठिकाणी जपा. एक, दोन्ही उपाय एकदम करू नका. 'दॅन दॅट ऑफ पुणेज' ही नवी चूक. दोन, 'दॅट'नंतर डोळे मिटून 'ऑफ' लावू नका. अलीकडे जे शब्दयोगी असेल तेच पलीकडे येतं. 'द वॉटर इन द वेल इज क्लीनर दॅन दॅट इन द टँक.' अलीकडे 'इन', म्हणून पलीकडेही 'इन'. 'इट इज हॉटर इन नागपूर दॅन इन पुणे' यात 'दॅट'ची गरज नाही, पण दुसरा 'इन' मात्र हवा.

हा नियम नुकताच शिकलेली मंडळी पुढच्या पेपरात उलटी चूक करतात. 'मुंबई इज लार्जर दॅन पुणे' हे वाक्य निर्दोष आहे, कारण तुलना शहराची शहराशी आहे. तिथे 'दॅट ऑफ' घुसवू नका. आधी कर्त्यावर बोट ठेवा, मग 'दॅन'च्या पुढच्या नामावर, आणि ही दोन एकाच तराजूत तोलता येतात का ते बघा. पर्याय त्यानंतर वाचा.

प्रश्न: त्याच धर्तीचं एक वाक्य मी बातमीत लिहिलं: 'मुंबईज पॉप्युलेशन इज फोर टाइम्स लार्जर दॅन पुणेज.' संपादकांनी 'टाइम्स लार्जर'खाली रेघ मारली. (एक उपसंपादक, पुणे)

उत्तर: २०११च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख ४२ हजार, पुणे शहर ३१ लाख २४ हजार. म्हणजे जवळजवळ चौपट. 'फोर टाइम्स लार्जर' याचा काही वाचक 'चौपट' असा अर्थ घेतात. काही मात्र शब्दाला शब्द लावून 'मूळ अधिक चार पट' म्हणजे पाचपट धरतात. आकड्याच्या बातमीत ही फट नको. 'मुंबईज पॉप्युलेशन इज नियरली फोर टाइम्स ॲज लार्ज ॲज पुणेज.' 'ॲज-ॲज'मध्ये वाद घालायला जागा नाही.

आपल्याकडेही हीच गडबड आहे. 'तिप्पट झाली' म्हटलं की कळतं, 'तिपटीने वाढली' म्हटलं की दोन माणसं दोन हिशेब करतात. दुप्पट सांगताना 'ट्वाइस ॲज मेनी ॲज' लिहा. 'ट्वाइस मोअर' नको. 'थ्री टाइम्स लेस' तर लिहूच नका, कशाच्या तीन पट कमी? 'वन थर्ड ॲज मच ॲज' म्हणा. आणि ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलेला आकडा '१० परसेंटेज पॉइंट्स'नी वाढतो. '१० परसेंट'नी नव्हे. टक्क्यांत ती वाढ २५ परसेंट होते.

प्रश्न: दहावीला 'चेंज द डिग्री' शिकवताना मुलं 'एनी' आणि 'एनी अदर'मध्ये गोंधळतात. नियम पाठ आहे, पण वाक्य बदललं की विसरतात. काही खूण सांगता येईल का? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर: नियमाऐवजी नकाशा दाखवून बघा. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' असं लिहिलं तर 'महाराष्ट्रातलं कुठलंही शिखर' यात कळसूबाईही आलीच. म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच ठरली. 'अदर' हा शब्द तिला त्या गटातून बाहेर काढतो: 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.'

आता केरळमधलं अनामुडी घ्या, २६९५ मीटर. 'अनामुडी इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.' इथे 'अदर' लावलं तर अनामुडी महाराष्ट्रात आहे असा अर्थ होईल. मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा: हिचं नाव त्या यादीत आहे का? आहे तर 'अदर', नाही तर नाही. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की नियम वेगळा सांगावा लागत नाही.

सुपरलेटिव्हमध्ये खेळ उलटा. 'द हायेस्ट ऑफ ऑल द अदर पीक्स' हे चूक, कारण सर्वांत उंच ठरायचं तर त्या सगळ्यांत ती असायला हवी. 'अदर' लावून तिला बाहेर काढलं तर ती त्यांच्यातली उरतच नाही. म्हणून 'द हायेस्ट ऑफ ऑल द पीक्स' किंवा सरळ 'द हायेस्ट पीक'. पॉझिटिव्हमध्ये 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. थोडक्यात, कम्पॅरेटिव्ह आणि पॉझिटिव्हमध्ये ती गटाबाहेर, सुपरलेटिव्हमध्ये गटात.

गुण जातात ते बहुतेक वचनावर. 'एनी अदर'नंतर एकवचन: पीक. 'ऑल द अदर' आणि 'मोस्ट अदर'नंतर अनेकवचन: पीक्स. 'वन ऑफ द'नंतरही अनेकवचनच: 'वन ऑफ द हायेस्ट पीक्स'. 'वन ऑफ द बेस्ट कॉलेज' ही चूक जाहिरातींच्या फलकांवर इतकी पसरली आहे की मुलांना तीच बरोबर वाटते. 'एकापैकी एक' निवडता येत नाही, 'अनेकांपैकी एक' निवडतात, एवढं सांगितलं की पुरतं. 'वन ऑफ द' असलेल्या वाक्याची डिग्री बदलताना 'व्हेरी फ्यू' आणि 'मोस्ट अदर' ही जोडी लागते: 'व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर ॲज बिग ॲज मुंबई', 'मुंबई इज बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज इन इंडिया', 'मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया'.

प्रश्न: सोसायटीची नोटीस मी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत काढतो. इंग्रजी नोटिशीवर एका सभासदानं लाल पेनानं 'पॅरलल नाही' असं लिहून ठेवलं. नोटीस अशी: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे मेंटेनन्स बिफोर टेन्थ, नॉट पार्किंग व्हेइकल्स इन फ्रंट ऑफ गेट अँड गार्बेज शुड बी गिव्हन वेट अँड ड्राय सेपरेट.' अर्थ तर कळतो. चुकलं कुठे? (सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

उत्तर: अर्थ कळतो हे खरं, आणि लाल पेन चालवणाऱ्यानं दुरुस्ती करून दिली असती तर बरं झालं असतं. ती आपण करू. 'पॅरलल' म्हणजे यादीतले सगळे मुद्दे एकाच साच्यातले.

तुमची मराठी नोटीस कशी असेल ते आधी पाहा: 'सभासदांनी मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरावा, गेटसमोर गाड्या लावू नयेत आणि ओला-सुका कचरा वेगळा द्यावा.' भरावा, लावू नयेत, द्यावा. तिन्ही क्रियापदं एकाच सुरात, कारण 'सभासदांनी' म्हटल्यावर जीभ आपोआप 'वा' आणि 'नये'कडे वळते. इंग्रजीत जिभेला ही सवय नसते, म्हणून पहिला मुद्दा 'टू पे', दुसरा 'नॉट पार्किंग' आणि तिसरा अख्खं नवं वाक्य, असे तीन साचे एका दोरीला बांधले गेले.

दुरुस्ती कागदावर करा. जिथून यादी फुटते तो शब्द शोधा. इथे 'आर रिक्वेस्टेड'. तो वर लिहा आणि तिन्ही मुद्दे त्याखाली एकाखाली एक. मग प्रत्येक मुद्दा वरच्या तुकड्याला जोडून स्वतंत्र वाचा. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे' जमलं. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट पार्किंग' नाही जमलं. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड गार्बेज शुड बी' अजिबात नाही. जे जमलं त्याच साच्यात बाकीचे ओता:

'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे द मेंटेनन्स बाय द टेन्थ ऑफ एव्हरी मंथ, टू कीप द गेट क्लिअर ऑफ व्हेइकल्स, अँड टू हँड ओव्हर वेट अँड ड्राय गार्बेज सेपरेटली.'

'बिफोर टेन्थ'चं 'बाय द टेन्थ' केलं, कारण 'बिफोर' म्हटलं तर १० तारीख धरली जात नाही आणि ९ला संध्याकाळी भांडण होतं.

'नॉट'ची जागा सगळ्यात धोक्याची. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट टू पार्क इन फ्रंट ऑफ द गेट अँड हँड ओव्हर गार्बेज सेपरेटली.' सुरुवातीचा 'नॉट' पुढच्या मुद्द्यावरही पसरतो. म्हणजे गाडी लावू नका आणि कचरा वेगळा देऊ नका! करण्याच्या गोष्टी आधी लिहा, न करण्याच्या शेवटी. किंवा प्रत्येकाला स्वतःचा 'टू' आणि 'नॉट टू' द्या. सगळेच मुद्दे मनाईचे असतील तर त्यांना 'अँड' नाही, 'ऑर' जोडतो: 'नॉट टू पार्क नियर द गेट, वॉश व्हेइकल्स विथ ड्रिंकिंग वॉटर ऑर थ्रो एनीथिंग फ्रॉम द बाल्कनी.' 'अँड' लिहिलंत तर एखादा वकील सभासद म्हणेल, तिन्ही एकत्र करायला मनाई आहे, एकेक चालेल.

मुद्दे चारांहून जास्त झाले की वाक्य सोडा, आकडे घाला. वर 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू' आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. खाली प्रत्येक ओळ नुसत्या क्रियापदानं सुरू: पे, कीप, हँड ओव्हर. तिथे पुन्हा 'टू' नको, 'प्लीज' तर नकोच. एकदा 'रिक्वेस्टेड' झालं की विनंती झाली.

प्रश्न: 'तो कोकणीतच नाही तर मराठीतही लिहितो' याचं मी 'ही नॉट ओन्ली राइट्स इन कोकणी बट ऑल्सो इन मराठी' असं भाषांतर केलं. तपासणाऱ्यांनी 'नॉट ओन्ली'ची जागा बदलली. एवढ्यानं काय फरक पडतो? (एक अनुवादक, पणजी)

उत्तर: मराठीत 'च' आणि 'ही' ज्या शब्दाला चिकटतात त्याच्यावरच जोर पडतो, मग तो शब्द वाक्यात कुठेही असो. 'कोकणीत' ला 'च', 'मराठीत' ला 'ही', हिशेब पुरा. इंग्रजीतल्या 'नॉट ओन्ली'ला चिकटण्याची सोय नाही. तो आपल्या लगेच पुढे जे येईल त्याच्यावर बोट ठेवतो. तुमच्या वाक्यात त्याच्या पुढे 'राइट्स' आलं. वाचक आता 'बट ऑल्सो'नंतर दुसऱ्या क्रियापदाची वाट बघतो: लिहितोच नाही, तर बोलतोही? मिळतं मात्र 'इन मराठी'.

'च'चा शब्द आणि 'ही'चा शब्द मराठीत अधोरेखित करा. भाषांतरात 'नॉट ओन्ली' पहिल्याच्या आधी, 'बट ऑल्सो' दुसऱ्याच्या आधी: 'ही राइट्स नॉट ओन्ली इन कोकणी बट ऑल्सो इन मराठी.' पहिला 'इन' आत घेतला तर दुसराही लागतो. 'इन' बाहेर ठेवला, 'ही राइट्स इन नॉट ओन्ली कोकणी बट ऑल्सो मराठी', तर दुसरा नको. आणि मूळ वाक्य 'तो कोकणीत नुसता लिहीत नाही, बोलतोही' असं असेल, तर तुमचीच जागा बरोबर: 'ही नॉट ओन्ली राइट्स इन कोकणी बट ऑल्सो स्पीक्स इट.' वाक्याची सुरुवातच 'नॉट ओन्ली'नं केली तर प्रश्नासारखी उलटापालट होते: 'नॉट ओन्ली डझ ही राइट...'

'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' या जोड्यांनाही हीच चाचणी. 'यू कॅन आयदर पे इन कॅश ऑर बाय कार्ड' यात 'आयदर' एक घर आधी बसला. 'यू कॅन पे आयदर इन कॅश ऑर बाय कार्ड' हवं. 'बोथ इन पणजी अँड मडगाव' नाही. 'इन बोथ पणजी अँड मडगाव' किंवा 'बोथ इन पणजी अँड इन मडगाव'. जोड्या मोडूही नका: 'बोथ'चा जोडीदार 'अँड', 'ॲज वेल ॲज' नव्हे, 'नायदर'चा 'नॉर', 'ऑर' नव्हे.

खरं सांगायचं तर बोलताना आणि रोजच्या पत्रव्यवहारात 'नॉट ओन्ली' एखादा शब्द आधी आला म्हणून कुणाचं अडत नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही सर्रास तसं बोलतात. पण करारात, सरकारी कागदात आणि परीक्षेत जागा सांभाळा. तुम्ही भाषांतर करता, तेव्हा तुमचा तपासनीस बरोबर होता.

प्रश्न: बायोडेटात कामांची यादी अशी आहे: 'रिस्पॉन्सिबल फॉर जीएसटी रिटर्न्स', 'प्रिपेअर्ड मंथली स्टॉक स्टेटमेंट', 'हँडलिंग ऑफ पेटी कॅश', 'आय ऑल्सो ट्रेन्ड टू ज्युनियर्स' (इथला 'टू' म्हणजे दोन). सुधारून द्याल? (नोकरीच्या शोधातला वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: चार ओळी, चार तोंडं. जुन्या नोकरीसाठी सगळ्या भूतकाळी क्रियापदानं सुरू करा: 'फाइल्ड जीएसटी रिटर्न्स', 'प्रिपेअर्ड द मंथली स्टॉक स्टेटमेंट', 'हँडल्ड पेटी कॅश', 'ट्रेन्ड टू ज्युनियर्स'. सध्याच्या नोकरीसाठी वर्तमानकाळ: 'फाइल', 'प्रिपेअर', 'हँडल', 'ट्रेन'. 'आय' कुठेच नको, ओळीच्या शेवटी टिंब द्यायचं तर सगळीकडे द्या नाहीतर कुठेच नको. 'रिस्पॉन्सिबल फॉर' काढल्यानं ओळ आखूड तर होतेच, शिवाय जबाबदारी होती की काम केलं हा संशयही जातो.

'स्किल्स'खाली तुम्ही 'हार्डवर्किंग, पंक्च्युॲलिटी, टॅली, कॅन वर्क इन टीम' असं लिहिलं आहे. विशेषण, नाम, सॉफ्टवेअर आणि वाक्य एका पंगतीला बसवलं. टॅली ठेवा. बाकीचं मुलाखतीत दिसेल.

प्रश्न: प्रबंधात 'अनलाइक मुंबई, द रेनफॉल इन मेलबर्न इज स्प्रेड थ्रू द इयर' असं लिहिलं. मार्गदर्शकांनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं. (एक विद्यार्थिनी, मेलबर्न)

उत्तर: पहिल्या प्रश्नातलीच चूक, फक्त 'दॅन'चा मुखवटा काढून आलेली. 'लाइक', 'अनलाइक' आणि 'कम्पेअर्ड विथ' यांच्या पुढचं नाम आणि स्वल्पविरामानंतरचा कर्ता एकाच जातीचे हवेत. इथे मुंबईची तुलना पावसाशी झाली. कर्ता बदला: 'अनलाइक मुंबई, मेलबर्न गेट्स इट्स रेन थ्रूआउट द इयर.' किंवा शब्दयोगी घाला: 'ॲज इन', 'अनलाइक इन'. पण प्रबंधात आम्ही तिसरी वाट घेऊ: 'इन मुंबई, मोस्ट ऑफ द रेन फॉल्स फ्रॉम जून टू सप्टेंबर; इन मेलबर्न, इट इज स्प्रेड थ्रू द इयर.' दोन अर्धी वाक्यं एकाच मापाची, आणि फरक नेमका काय तो महिन्यांसकट समोर येतो. 'अनलाइक' नुसतं वेगळं आहे एवढंच सांगतं.

तुमच्या दुसऱ्या वाक्यात 'हायर ॲज कम्पेअर्ड टू' आहे. 'हायर' आलं की तुलना झालीच. पुढे 'दॅन' एवढंच. 'ॲज कम्पेअर्ड टू' ही भारतीय कार्यालयांची लाडकी भर आहे, आम्हीही ती रोज वाचतो आणि रोज काढतो.

प्रश्न: 'शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी' आणि 'मोअर दॅन आय' यात बरोबर कुठलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दोन्ही, पण अर्थ वेगळे. 'दॅन मी' म्हणजे तिचा माझ्यावर आहे त्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास. 'दॅन आय' म्हणजे माझा तुझ्यावर आहे त्यापेक्षा तिचा जास्त. गंमत अशी की 'तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे' हे मराठी वाक्यही तितकंच दुटप्पी आहे, आणि उपायही सारखाच: गाळलेलं क्रियापद परत आणा. 'मोअर दॅन शी ट्रस्ट्स मी', 'मोअर दॅन आय डू'. नावं असतील तर हे करायलाच हवं, कारण नावाला 'आय-मी'सारखी दोन रूपं नसतात. 'शी इज टॉलर दॅन मी' हे आज सगळीकडे चालतं; जुन्या वळणाच्या परीक्षेत 'दॅन आय' मागतात. 'दॅन आय ॲम' लिहा, दोघेही गप्प बसतील.

काही छोटे प्रश्न एका दमात. 'सीनियर दॅन' नाही, 'सीनियर टू'. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे लॅटिनकडून आलेले पाहुणे सगळे 'टू'च घेतात. 'प्रिफर टी दॅन कॉफी' नाही, 'प्रिफर टी टू कॉफी'; क्रियापदं असतील तर 'प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग', नाहीतर 'प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह'. 'मोअर बेटर', 'मोअर चीपर' यांत 'मोअर' जास्तीचा. 'ॲज गुड ऑर बेटर दॅन' मध्ये दुसरा 'ॲज' हरवला: 'ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन'. 'इंटरेस्टेड अँड गुड ॲट म्युझिक' मध्ये 'इन' हरवला: 'इंटरेस्टेड इन अँड गुड ॲट'. 'हॅज ऑल्वेज अँड विल ऑल्वेज हेल्प' मध्ये 'हॅज'ला 'हेल्प' चालत नाही: 'हॅज ऑल्वेज हेल्प्ड अँड विल ऑल्वेज हेल्प'. 'जितका सराव, तितकं चांगलं' याला दोन्हीकडे 'द' लागतो: 'द मोअर यू प्रॅक्टिस, द बेटर यू राइट'. आणि पोहण्या-वाचण्याचं वाक्य पाठवणाऱ्या साताऱ्याच्या वाचकाला: मराठीत 'पोहायला आवडतं' आणि 'पोहणं आवडतं' दोन्ही चालतं, म्हणून 'लाइक्स स्विमिंग अँड टू रीड' असं मिसळतं. इंग्रजीतही 'लाइक'ला दोन्ही रूपं चालतात. फक्त एका यादीत एकच.

प्रश्न: माझ्या मसुद्यातला दुसरा 'दॅट' साहेब दर वेळी खोडतात. म्हणतात, पुनरुक्ती झाली. वाक्य: 'द मॅनेजर सेड दॅट द ऑफिस वुड शिफ्ट टू हिंगणा अँड दॅट द स्टाफ वुड गेट अ बस.' कुणाचं खरं? (एक कर्मचारी, नागपूर)

उत्तर: तुमचं. दुसरा 'दॅट' खोडला तर बसचं आश्वासन मॅनेजरनं दिलं की लिहिणाऱ्यानं, हे धूसर होतं. बस आली नाही की हाच 'दॅट' शोधत फाइल उघडली जाईल.

साहेबांना संविधानाच्या उद्देशिकेचा इंग्रजी पाठ दाखवा. 'हॅविंग सॉलेम्‌ली रिझॉल्व्ह्ड टू कॉन्स्टिट्यूट इंडिया इंटू अ...' इथून निघालेलं वाक्य विशेषणांची रांग ओलांडून 'रिपब्लिक'पर्यंत येतं, आणि मग 'अँड टू सिक्युअर टू ऑल इट्स सिटिझन्स'. तो दुसरा 'टू' काढून वाचा. 'सिक्युअर' हे विशेषणही असतं. विशेषणांच्या त्या रांगेनंतर ते आणखी एक विशेषण वाटून वाचक अडखळतो. 'टू' आला की तो सरळ 'रिझॉल्व्ह्ड'ला जाऊन मिळतो. जोडलेले तुकडे लांब लांब गेले की जोडणारा शब्द पुन्हा द्यावा, तो असा.

पुढे आणखी बारीक काम आहे. 'लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप' इथे पाच गोष्टींना मिळून एकच 'ऑफ'. लगेच पुढे 'इक्वॉलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी', इथे दोनच गोष्टी आणि 'ऑफ' मात्र दोनदा. एकदा किंवा प्रत्येक वेळी, दोन्ही पद्धती शुद्ध. मध्येच एकाला देऊन दुसऱ्याला वगळणं तेवढं चूक. दोनदा दिल्यानं दर्जा आणि संधी अशा दोन वेगळ्या समानता सुट्या मोजता येतात. मराठी पाठातही तेच जपलं आहे: पाच गोष्टींना मिळून 'यांचे स्वातंत्र्य', आणि नंतर 'दर्जाची व संधीची समानता'. 'दर्जा व संधीची' असं लिहून एक 'ची' वाचवता आला असता. वाचवला नाही.